पाडलेल्या इमारतीतले दिवे

आत्या गेली तेव्हा तिचं शेवटचं वाक्य होतं, "गीझर बंद केलात का रे?"

खाटेशेजारी तिचा धाकटा भाऊ होता, भाचा होता आणि हळूच घड्याळ बघणारा डॉक्टर होता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाचा उठून बाथरूमपर्यंत जाऊन येईस्तोवर आत्या गेलेली होती. गीझर चालूच होता.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं त्याला लोक भुताटकी म्हणतील. ठोंब्याच्या मते ती भुताटकी नव्हती. ती देखभाल होती.

ठोंब्या म्हणजे तो भाचा. त्याला रीतसर नाव होतं, पण तो कंपनीत रुजू झाला त्या सकाळी आत्या भर लॉबीत ओरडली, "ठोंब्या, डबा विसरलास!" आणि तेव्हापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला ठोंब्याच म्हणू लागले. आत्या त्याच कंपनीत होती, त्याच्या जन्माच्याही आधीपासून. पाच मजल्यांच्या त्या इमारतीतली दारं, दिवे, लिफ्ट आणि आगीचा भोंगा हे सगळं तिच्या ताब्यात. लोक गेल्यावर ती पाचव्या मजल्यापासून खाली येत एकेक दिवा बंद करायची आणि प्रत्येक दिव्यामागे, तो चालू ठेवून गेलेल्या माणसाच्या अकलेबद्दल दोन शब्द बोलायची.

दारांचा नियमही तिचाच. कार्ड दाखवून जो आत आला, त्यालाच कार्ड दाखवून बाहेर जाता येईल. दुसऱ्याच्या पाठीला चिकटून घुसाल, तर संध्याकाळी दार उघडणार नाही. एकदा खुद्द संचालक फोनवर बोलत बोलत असेच कोणाच्या तरी मागून आत शिरले. संध्याकाळी दाराने त्यांना अडवलं. आत्याला बोलावणं गेलं.

"दाराच्या मते तुम्ही आत आलेलाच नाही," आत्या म्हणाली.

"मग मी इथे उभा कोण आहे?"

"ते तुम्ही ठरवा. दाराला फक्त कार्ड कळतं."

"अहो बाई, यातून काही मार्ग?"

"आहे ना. आग लावा. आग लागली की सगळी दारं आपोआप उघडतात."

शेवटी संचालकांनी माफी मागितली तेव्हा आत्याने आपल्या कमरेच्या चावीने त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवसापासून ते कार्ड गळ्यात घालून झोपतात अशी अफवा होती.

मग कंपनी नव्या जागेत गेली, जुनी इमारत पाडली, तिथे पार्किंग झालं. आत्या निवृत्त झाली. घरी बसून तिने भावाच्या आणि भाच्याच्या डोक्यावर महिनाभर मिऱ्या वाटल्या, घरातले सगळे दिवे शिस्तीला लावले आणि गीझरचं विचारून गेली.

इमारत गेली, आत्या गेली. इमारतीचा मेंदू तेवढा उरला.

हा मेंदू पूर्वी तळघरातल्या कपाटाएवढ्या यंत्रात होता. पाडण्याआधी कोणीतरी त्या यंत्राचं व्हर्च्युअल अप्लायन्स करून ठेवलं. म्हणजे अख्खं यंत्र, त्याची डिस्क, त्याची सेटिंगं, त्याच्या खोडी, सगळं एका फाइलीत कोंबलं. अशा फाइलीच्या आत हात घालता येत नाही. ती चालू करायची आणि तिला वागायचं तसं वागू द्यायचं, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. दारं उघडायचा पासवर्ड एकट्या आत्याला माहीत होता आणि तो ती बरोबर घेऊन गेली होती. बाकीच्यांना नकाशा बघता येई, दिवे लावता-विझवता येत आणि आगीची चाचणी घेता येई. बस्स.

"हे आपल्या प्लॅटफॉर्मवर चढव," मॅडमनी ठोंब्याला सांगितलं. मॅडम म्हणजे त्याच्या विभागाच्या प्रमुख; त्यांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागली की त्यांच्या भुवया एकमेकींना भेटायला निघत. "जुना सर्व्हर बंद होतोय. आणि इमारत पाडणाऱ्या कंत्राटदाराशी आपली कोर्टकचेरी चालू आहे, माहितीये ना? पाडताना आत कोणी नव्हतं, हे वकिलांना त्या यंत्राच्या स्क्रीनवरच बघायचंय. उद्या दुपारी येताहेत. मला रिकामी इमारत पाहिजे. स्वच्छ. रिकामी."

"पाडलेली इमारत रिकामीच असते, मॅडम."

"ठोंब्या, जा."

प्लॅटफॉर्मची रीत अशी. प्रत्येक प्रोग्रॅम एका सीलबंद डब्यात घालायचा. त्या डब्याला कंटेनर म्हणायचं. असे किती डबे चालू हवेत ते प्लॅटफॉर्मला सांगायचं, की तो मान खाली घालून तेवढे चालू ठेवतो. दर थोड्या वेळाने तो प्रत्येक डब्याला विचारतो, "जिवंत आहेस का?" उत्तर नाही आलं तर त्याचा गळा दाबतो आणि त्याच जागी कोराकरकरीत दुसरा उभा करतो. तिथे मरणाला मरण म्हणत नाहीत, रीस्टार्ट म्हणतात. रडारड नाही, सुट्टी नाही.

हा प्लॅटफॉर्म सांभाळायचा दाढी. दाढीच्या मागे एक माणूस असावा असा सगळ्यांचा अंदाज होता. त्याने पूर्वीच एक साचा करून ठेवला होता. आपल्या प्रोग्रॅमचं नाव साच्यात घालायचं आणि बटण दाबायचं. ठोंब्याने नाव घातलं, बटण दाबलं. साच्यात आणखी काय काय लिहिलंय ते वाचायची त्या कचेरीत पद्धत नव्हती.

डब्यात अख्खी इमारत उभी राहिली. स्क्रीनवर नकाशा आला, पाचही मजले काळेभोर. कोपऱ्यात लिहिलं होतं, "आत माणसं: शून्य." ठोंब्याचा जीव भांड्यात पडला. त्याने कॉफी आणली. परत येऊन बघतो तर तळमजल्यावर, रिसेप्शनच्या चौकोनात, दिवा लागलेला.

"आत माणसं: एक."

त्याने त्या चौकोनावर बोट टेकवलं. कार्ड कोणाचं ते वर आलं. "देखभाल."

म्हणजे आत्याचं. हे कार्ड घरी, दाराजवळच्या वाटीत, बंद पडलेल्या घड्याळांबरोबर पडून होतं. सकाळीच त्याने त्यातून छत्रीची चावी शोधली होती. छत्रीला चावी नसते हे त्याला आता आठवलं. कुठल्यातरी कुलपाची असेल. मन असं भलतीकडे पळतंय याचीही त्याने नोंद घेतली.

"दाढी, जरा बघ."

दाढीने खुर्ची ढकलत आणली. "जुना डेटा पुन्हा वाजतोय रे. कॅसेट लावल्यासारखं. होतं असं."

"कॅसेट आहे का हे कसं कळेल?"

"कॅसेट उत्तर देत नाही."

ठोंब्याने थोडा विचार केला. मग त्याने नकाशावरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीतला दिवा लावला. पिवळा चौकोन उमटला. दोघं बघत बसले. जिन्यातला दिवा लागला, पहिल्या मजल्याचा, मग दुसऱ्याचा. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमधला लागला. मीटिंगच्या खोलीतला दिवा बंद झाला.

ठोंब्याने तो पुन्हा लावला.

या वेळी तो ताबडतोब बंद झाला. कोणी दाराशीच उभं असावं तसा.

दाढीच्या दाढीत काहीतरी हललं. "पुन्हा नको लावूस," तो म्हणाला.

"का?"

"राग येईल."

"कोणाला? कॅसेटला?"

दाढी खुर्ची ढकलत आपल्या जागी गेला आणि दिवसभर त्याने ठोंब्याच्या स्क्रीनकडे पाठ ठेवली. ठोंब्या मात्र बघत राहिला. भीती वाटत होती का? वाटत होती. पण आत्याची त्याला आधीपासूनच वाटायची, त्यामुळे नेमकी नवी भीती किती आणि जुनी किती हे वेगळं काढता येईना. त्याला आई आठवत नव्हती. आठवायची ती आत्याच, शाळेच्या फाटकाशी, अख्खं दप्तर मावेल एवढी मोठी पर्स घेऊन. आणि आता ती तिथे होती, त्या काळ्या नकाशात, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जात. पॅन्ट्रीत थोडा वेळ दिवा राहायचा. चहा पीत असेल. कोणी बोलायला नाही म्हणून लवकर संपत असेल.

संध्याकाळी तो घरी गेला. घर लग्नाच्या हॉलसारखं झगमगत होतं. आत्या गेल्यापासून बाबा एकही दिवा बंद करत नसत. बाथरूममधला, बाल्कनीतला, माळ्यावरचासुद्धा. ते विसरत नव्हते. ते वाट बघत होते. कोणी ओरडतं का ते.

"बाबा," ठोंब्या बूट काढत म्हणाला, "आत्या ऑफिसला जातेय."

बाबांनी पेपर खाली केला. "कुठल्या ऑफिसला?"

"जुन्या."

"ते पाडलं ना?"

"पाडलं. मी आज परत उभं केलं. कंप्युटरवर. तर ती आली."

बाबांना आता हसू येईल, रडू येईल की ते डॉक्टरचा नंबर शोधतील, असं ठोंब्याला वाटत होतं. यातलं काहीच झालं नाही.

"येणारच. घरी बसून काय करणार होती ती?" बाबा म्हणाले. मग पेपर पुन्हा वर करता करता थांबले. "आणि निघाली का तिथून? नीट निघाली ना ताई?"

ती आलेली ठोंब्याने पाहिली होती. निघालेली पाहिली नव्हती.

सकाळी तो कोट न काढताच स्क्रीनसमोर बसला. मुख्य दाराच्या चौकोनात तांबडी अक्षरं होती: "नकार. हे माणूस आत आलेलं नाही." खाली तेच. त्याच्याखाली तेच. रात्रभर तेच. आत्या संध्याकाळी दाराशी आली होती, कार्ड दाखवलं होतं, आणि दाराने तिला तिचंच वाक्य ऐकवलं होतं.

त्याने पान पुन्हा उघडलं. आता तांबडं काहीच नव्हतं, दुसऱ्या मजल्यावर एक दिवा तेवढा. पुन्हा उघडलं. पाचही मजले काळे. पुन्हा उघडलं. परत तांबडं.

"दाढी, इमारत बदलतेय."

"बदलत नाहीये," दाढी मान न वळवता म्हणाला. "दर वेळी तुला वेगळी दिसतेय. तीन आहेत."

"तीन का आहेत?"

"नेहमीच तीन असतात. साच्यातच आहे तसं. एकटा डबा पडला तर काम अडतं. तीन असले की जो मोकळा असेल तो उत्तर देतो, कधी हा, कधी तो."

"दाढी, ही इमारत आहे. इमारत कोणी तीन करतं का?"

"मग साच्यात बदलायचं होतंस. मला काय ठाऊक कोणी त्यात भूत घालणार आहे." आणि आपण काय बोललो ते ऐकून दाढी पूर्ण वळला.

आता सगळं उलगडलं. आत्या पहिल्या इमारतीच्या दारातून आत आली होती. पण निघताना तिच्या कार्डाला उत्तर दिलं दुसऱ्या इमारतीने. त्या दुसरीने तिला आत येताना कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून तिने दार उघडलं नाही. मग आत्या जिन्याने वर गेली. पहिलीत पायऱ्यांवरचा दिवा लागला, आणि ज्या मजल्यावर ती पोचली तो उजळला तिसरीत. पाऊल एका इमारतीत उचलायचं आणि दुसरीत टेकायचं, अशी ती रात्रभर फिरत होती. प्रत्येक इमारतीला तिचा एकेक तुकडा दिसत होता आणि पूर्ण बाई कुणालाच दिसत नव्हती.

पहिली म्हणत होती, आत माणसं: एक. दुसरी म्हणत होती, शून्य. तिसरीने तिला एका मजल्यावरून बाहेर पडताना पाहिलं होतं पण आत येताना नाही, त्यामुळे तिसरी म्हणत होती, आत माणसं: उणे एक.

उणे एक माणूस कसा दिसतो हे ठोंब्याला कोणी शिकवलं नव्हतं. तरी तो ओळखीचा वाटला. घरी आत्याच्या खुर्चीत तो रोज बसलेला असायचा.

"पण मला सांग," दाढी आवाज खाली करून म्हणाला, "भुताला दार कशाला लागतं? भिंतीतून जातात ना ते?"

"इतर भुतं जात असतील. दारांचा नियम आत्यानेच केलाय. ती मेली तरी मोडणार नाही."

"मेलीच आहे."

"तेच म्हणतोय."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी स्क्रीन पाहिली, आणि त्यांच्या भुवया निघाल्या.

"उणे एक?"

"मॅडम, थोडा घोळ झालाय. एकाऐवजी तीन इमारती उभ्या राहिल्या."

"मग दोन पाडा! वकील जेवणानंतर येताहेत. एक ठेवा, बाकीच्या उडवा, सोपं आहे. दाढी?"

"उडवतो. पण कुठल्या दोन उडवायच्या ते प्लॅटफॉर्म ठरवतो, मॅडम. आपल्याला निवडता येत नाही."

"मला काय फरक पडतो? तिन्ही सारख्याच ना?"

दाढीने ठोंब्याकडे पाहिलं. तिन्ही सारख्या नव्हत्या. आत्या त्या तिघींत वाटली गेली होती. दोन पाडल्या तर तिच्यातलं जे उरेल ते काय उरेल? नुसता जिना चढणारा पाय? नुसता दिव्याकडे जाणारा हात? आणि तेही कायमचं आत, बंद दारामागे, दार म्हणणार की तू आत आलेलीच नाहीस. गीझरचं उत्तर न मिळता गेलेली बाई ही. तिला निदान घरी तरी जाऊ द्यायला हवं होतं.

"मॅडम, मला थोडा वेळ द्या. आत कोणीतरी आहे."

"कोण?"

खोटं बोलायला त्याला काही सुचेना. "आत्या."

मॅडमच्या भुवया भेटल्या आणि तिथेच राहिल्या. सगळ्या कचेरीला आत्या माहीत होती. मॅडमना तिने एकदा, ऐन पावसात, कार्ड घरी राहिलं म्हणून लॉबीच्या बाहेर उभं ठेवलं होतं. मॅडम स्क्रीनकडे बघत राहिल्या. तिथे दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला आणि पॅन्ट्रीतला लागला.

"वकील येईपर्यंत," त्या अगदी हळू म्हणाल्या. "नंतर मी ओळखत नाही कोणाला." आणि गेल्या. जाताना त्यांनी गळ्यातलं कार्ड चाचपलं.

दारांचा पासवर्ड नाही. चावी नाही. ठोंब्या डोकं धरून बसला आणि त्याला संचालक आठवले. अहो बाई, यातून काही मार्ग?

"दाढी," तो म्हणाला, "मी आग लावतोय. तिन्ही इमारतींना, एकदम."

"इथे सिगारेट ओढायलाही बंदी आहे."

"आगीची चाचणी! भोंगा वाजला की सगळी दारं उघडतात."

तिन्ही इमारती त्याने तीन खिडक्यांत शेजारी शेजारी उघडल्या आणि तिन्हींत चाचणीचं बटण दाबलं. तीन नकाशे तांबडे झाले. पंधरा मजल्यांवरची सगळी दारं उघडली. आवाज काहीच नाही. पाडलेल्या इमारतीचा भोंगा ऐकू येत नाही. पण ठोंब्याला तो दातांत जाणवला.

मग काहीच झालं नाही. मुख्य दार सताड उघडं, आणि पॅन्ट्रीतला दिवा तसाच.

"निघत का नाहीये?" दाढी म्हणाला.

पहिल्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर दिवा लागला. आणि बंद झाला. मग त्याच्या शेजारचा. मग पॅसेज. ठोंब्याने कपाळावर हात मारून घेतला.

"वर गेली. दिवे बघायला. वरून खाली येईल आता, एकेक खोली तपासत."

"आग लागलीये ना!"

"म्हणूनच. जळत्या इमारतीत दिवा चालू ठेवून जाणाऱ्या माणसाला आत्या काय म्हणाली असती, ते मी इथे बोलू शकत नाही."

पाचवा मजला झाला. चौथा सुरू झाला. आणि तेव्हा दाढी ताठ बसला. "अरे, हे उत्तर देत नाहीयेत."

"कोण?"

"डबे. आगीत ते दुसरं काही ऐकतच नाहीत बहुतेक. प्लॅटफॉर्म विचारतोय जिवंत आहात का, आणि ते गप्प आहेत. आता तो तिघांनाही मारणार आणि नवे उभे करणार. कोरे."

"आणि आत्या?"

दाढी भुतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. पण एकदा, नवा असताना, मांजर लिफ्टमध्ये अडकलं म्हणून तो आत्याकडे धावत गेला होता, आणि आत्याने अख्खी इमारत बंद ठेवून ते मांजर काढलं होतं. काढल्यावर मांजराला ओरडली होती, दाढीला नाही. दाढीने कीबोर्ड ओढला. ज्या प्लॅटफॉर्मला त्याने आजवर कधी कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं, त्याला तो म्हणाला, विचारू नकोस. या तिघांना काहीही विचारू नकोस. मारू नकोस, उठवू नकोस, हात लावू नकोस.

"ऐकलं का त्याने?"

"बघ."

तिसरा मजला. मीटिंगची खोली. दुसरा. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला, आणि काचेपलीकडे मॅडम उभ्या राहिल्या. मग पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा. त्या दारात आल्या तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"ठोंब्या. अग्निशमन दलाचा फोन आहे. आपल्या जुन्या ऑफिसला आग लागलीये म्हणून तीन वेळा कळवलंय कोणीतरी. तीन बंब गेलेत. ते पार्किंगमध्ये उभे आहेत आणि विचारताहेत, इमारत कुठाय?"

ठोंब्याला आत्याचं एक वाक्य आता आठवलं, जरा उशिराच. ज्या चाचणीत बंब येत नाही, ती चाचणी नव्हे. म्हणून भोंगा वाजला की यंत्राने आपणच बंबाला कळवावं, अशी सोय तिने करून ठेवली होती.

"त्यांना सांगा," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आत्या आहे. निघतेच आहे."

आश्चर्य म्हणजे मॅडमनी तसंच सांगितलं. "हो, एक बाई आहेत. निघताहेत. जरा थांबता का?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण बंब थांबले.

पहिला मजला. तळमजला. पॅन्ट्रीतला दिवा बंद झाला. मग एकामागून एक तिन्ही नकाशांतले शेवटचे दिवे विझत आले, आणि ते आता मागेपुढे होत नव्हते. तिन्हींत एकाच क्षणी, एकाच खोलीत. रिसेप्शनचा एक चौकोन तेवढा पिवळा राहिला, तिन्ही खिडक्यांत, अगदी सारखा.

तो बंद होईना.

"आता काय झालं?" मॅडम कुजबुजल्या.

चौकोन विझला. लागला. विझला. लागला. ठोंब्याला ते कळलं आणि त्याचे डोळे भरून आले. घरी तो रात्री मोबाईल बघत पडायचा तेव्हा आत्या दारातून असाच दिवा लुकलुकवायची. म्हणजे, पुरे झालं आता, झोप.

"झोपतो," तो म्हणाला.

चौकोन विझला, तो विझलाच. मुख्य दार हललं. तिन्ही इमारतींच्या कोपऱ्यातली अक्षरं बदलली: आत माणसं: शून्य. शून्य. शून्य.

मॅडमच्या कानाला फोन होता तो पलीकडून कुरकुरत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"आग नाही म्हणताहेत. पार्किंगवाला म्हणतोय, गाडी नसताना फाटकाचा दांडा आपोआप वर गेला."

"तीनदा?" दाढीने विचारलं.

"एकदाच."

दाढीने हळूच श्वास सोडला. मग त्याने दोन इमारती पाडल्या. कुठल्या दोन, हे त्याने विचारलं नाही. वकील आले, त्यांनी रिकामी इमारत पाहिली, छान आहे म्हणाले, आणि बंबांचं बिल कोणाच्या नावावर टाकायचं यावर त्यांनी मॅडमशी बराच वेळ चर्चा केली. त्यांच्यापैकी एकजण विनाकार्ड आत आला होता. निघताना मॅडमनी त्याला थांबवून आधी कार्ड करून घ्यायला लावलं.

ठोंब्या घरी पोचला तेव्हा घर काळोखात होतं. माळ्यावरचा दिवाही नव्हता. त्याने कुलूप उघडलं, चाचपडत आत गेला.

"बाबा?"

"इथे आहे," खुर्चीतून आवाज आला. बाबा काळोखात बसले होते, मांडीवर उघडा पेपर.

"दिवे कोणी बंद केले?"

"तुला काय वाटतं?" बाबांच्या आवाजात तक्रार होती, आणि ती जुनी, घरगुती तक्रार होती. "अरे, मी वाचत होतो! अर्ध्या बातमीत. काही विचारायचं, सांगायचं, काही नाही. फटाफट सगळे बंद, माळ्यापासून. हे काय वागणं झालं?"

"काही बोलली?"

"बोलेल कशी, मी कुठे तिला पाहिलं. नुसते दिवे गेले. मग इथे, माझ्या बाजूला, जरा वेळ कोणी उभं असल्यासारखं वाटलं. मग तेही गेलं."

ठोंब्याने दिवाणखान्यातला दिवा लावला. दोघंही त्याच्याकडे बघत बसले, कॅसेट आहे की नाही ते बघावं तसे. दिवा जळत राहिला. बाबांनी घसा खाकरला. ठोंब्याने मोजे काढले. दिवा तसाच.

"गेली," बाबा म्हणाले.

"हो."

आणखी थोडा वेळ गेल्यावर बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देत उठले, दिव्याच्या बटणापाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला. "फुकट कशाला जाळायचा," ते अंधारात म्हणाले. मग जरा थांबून, "आणि ते गीझरचं बघ रे एकदा."

ठोंब्या भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत गेला. त्याने बटण चाचपलं.

"बंद आहे," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला, कारण ऐकणारं माणूस नेमकं किती लांब गेलंय ते त्याला माहीत नव्हतं.